पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा छर्रा

टोकियोतील ओकाचिमाची हा जवाहिऱ्यांचा भाग. रेल्वेच्या पुलाखालून बाहेर पडले की दोन्ही बाजूंना रत्ने, मोती आणि सोन्याची घाऊक दुकाने लागतात. भारतातून गेलेले अनेक रत्नव्यापारी तेथे लहानमोठ्या पेढ्या मांडून बसले आहेत, आणि त्यांत जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. फलटणच्या एका कापड-व्यापारी घराण्यातील धाकटा मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी एका पेढीवर नोकरीसाठी तेथे गेला. पुढे त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला, संसार मांडला. त्याच्या मुलाचा जन्म टोकियोतलाच. घरी मराठी, शाळेत जपानी आणि पर्युषणात आजीने फोनवरून शिकवलेली स्तोत्रे, अशा तीन धाग्यांत तो वाढला.

गेल्या ऑगस्टमध्ये या मुलाला 18 वर्षे पूर्ण झाली. जपानमध्ये 2022 च्या एप्रिलपासून याच वयात माणूस कायद्याने सज्ञान ठरतो. वाढदिवसानंतरच्या रविवारी त्याने वडिलांसमोर एक कागद ठेवला. त्यावर एका खेळाच्या साहित्याची यादी आणि किमती होत्या. तो म्हणाला, "बाबा, मला एअरसॉफ्ट खेळायचं आहे. पैसे मी साठवलेत, वयही बसतं. पण तुम्ही नाही म्हणालात, तर नाही."

शेवटच्या वाक्याने वडिलांची पंचाईत केली. मुलाने न विचारता बंदूक आणली असती तर रागावून मोकळे होता आले असते. विचारल्यावर मात्र उत्तर द्यावे लागते, आणि उत्तराला कारण लागते.

एअरसॉफ्ट हा खेळ मूळचा जपानचाच. तेथे 1958 च्या कायद्याने सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण प्लास्टिकचा छर्रा उडवणाऱ्या खेळण्यातील बंदुका तेथेच वाढल्या. 1991 मध्ये टोकियो मारुई या कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळ जगभर पसरला. छर्रा 6 मिलीमीटर व्यासाचा, वजनाने सहसा पाव ग्रॅमच्या आसपास. दोन गट झाडीत किंवा लाकडी आडोशांमागे उभे राहतात, ज्याला छर्रा लागेल तो त्या डावापुरता बाद. पेंटबॉलच्या खेळात अंगावर रंग फुटतो आणि कोण बाद झाला हे सर्वांना दिसते. येथे कोणताही डाग उमटत नाही. छर्रा लागला की नाही, हे ज्याला लागला त्यालाच ठाऊक.

वडिलांनी निर्णय फलटणकडे सोपवला. दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपून बसलेल्या आजीला नातवाने फोनवर सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यात माणसाला मारायचं असतं का रे?"

"आजी, खरं कोणी मरत नाही. प्लास्टिकची गोळी असते."

"मग यशोधर राजानं तरी खरा कोंबडा कुठं मारला होता?"

ही कथा त्या घरात सर्वांना माहीत होती. उज्जयिनीच्या यशोधर राजाला दुःस्वप्न पडले. त्याच्या आईने, चंद्रमतीने, देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजा जीवहत्येला तयार होईना. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला गेला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही त्या भावाचे फळ म्हणून राजा मोर झाला, आई कुत्री झाली आणि दोघे जन्मोजन्मी पशुयोनीत एकमेकांच्या आसपास भटकत राहिले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात यशस्तिलकात हीच कथा विस्ताराने मांडली आहे. पीठ निर्जीव होते, संकल्प मात्र मारण्याचा होता.

"आता चातुर्मास चालू आहे," आजी म्हणाली. "पावसाळ्यात जंगलात पाय टाकायचा नाही. चातुर्मास संपू दे, मग बोलू. तोवर तूही विचार कर आणि तुझ्या बापालाही करू दे."

बापाने विचार केला आणि त्यात त्याचीच अडचण अधिक झाली. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड-विरती आहे, म्हणजे निष्प्रयोजन पापापासून दूर राहणे. शस्त्रे, विष यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हाही त्यात दोष सांगितला आहे. तेव्हा बंदुकीसारखी वस्तू घरात आणण्यास नकार देणे सोपे होते. पण नकार अहिंसेच्या नावाने द्यायचा, तर तो देणाऱ्याचे स्वतःचे खाते कसे होते? फलटणच्या दुकानात त्याच्या वडिलांनी कोशाचे रेशीम आयुष्यभर ठेवले नाही. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, म्हणत. ओकाचिमाचीच्या पेढीवर मात्र रंगीत खड्यांबरोबर मोत्यांच्या माळाही होत्या. जपानी संवर्धित मोती काढताना शिंपल्यातील जीव सहसा वाचत नाही. हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होते. मुलाने ते कधी बोलून दाखवले नाही. म्हणूनच ते अधिक टोचले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात प्रमादाला, म्हणजे कषायाने किंवा बेसावधपणाने होणाऱ्या प्रवृत्तीला, पहिले स्थान आहे. वडिलांनी तो अध्याय त्या दोन महिन्यांत पुन्हा वाचला आणि ठरवले की, न पाहता हो म्हणायचे नाही आणि न पाहता नाहीही म्हणायचे नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर आजीने एवढेच सांगितले, "एकदा जाऊन ये. बापाला बरोबर ने. आणि मला आल्यावर खरं सांग."

ओकाचिमाचीहून अकिहाबारा एका स्थानकावर आहे. पायी गेले तरी फार वेळ लागत नाही. या दोन्ही भागांत एअरसॉफ्टची दुकाने आहेत. एका शनिवारी दुपारी पेढी लवकर बंद करून बापलेक तेथील एका दुकानात गेले. भिंतभर बंदुका टांगलेल्या होत्या. मुलाने यादीचा कागद काढला आणि सर्वांत महागड्या बंदुकीकडे बोट केले. काउंटरमागच्या मध्यमवयीन गृहस्थाने बंदूक काढली नाही. त्याने तीन प्रश्न विचारले. यापूर्वी खेळला आहात का? उघड्यावर खेळणार की बंदिस्त जागेत? हा चष्मा रोजचाच का?

मग त्याने जे सांगितले, ते नव्याने हा खेळ सुरू करणाऱ्या कोणालाही उपयोगी आहे. पहिली खरेदी बंदुकीची करू नये, डोळ्यांच्या संरक्षणाची करावी. जपानमध्ये 2006 साली कायदा बदलून 6 मिलीमीटरच्या छर्ऱ्याची शक्ती सुमारे 0.98 ज्यूलपर्यंत मर्यादित केली गेली. 0.2 ग्रॅमचा छर्रा या शक्तीने सेकंदाला जवळजवळ 99 मीटर वेगाने सुटतो. अंगाला लागला तर लाल वळ उठतो, दाताला लागला तर दात तुटू शकतो, आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून चेहऱ्याला चोहोबाजूंनी चिकटून बसणारा, मागे पट्टा असलेला गॉगलच घ्यावा. साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल चालत नाही. कडेच्या फटीतून छर्रा आत शिरतो. काचेवर अमेरिकेचे झेड 87.1 किंवा युरोपचे ईएन 166 हे आघात-प्रमाण आहे का, ते पाहावे. तारेच्या जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही, पण छर्रा आपटून फुटला तर त्याचा कण जाळीतून आत जाऊ शकतो.

मुलाला चष्मा होता. त्यामुळे चष्म्यावरून बसणारा, दुहेरी काचेचा गॉगल त्याच्यासाठी निवडला गेला. दुहेरी काचेवर वाफ कमी धरते. वाफ धरली की माणूस नकळत गॉगल वर करतो, आणि खेळाच्या मैदानात गॉगल वर करणे ही या खेळातील सर्वांत मोठी चूक आहे. त्याबरोबर नाक, तोंड आणि दात झाकणारा मुखवटा घेतला. मग हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट. मुलाने प्रत्येक जोड उलटून पाहिला, चामड्याचे बाजूला ठेवले आणि कापडी व कृत्रिम धाग्यांचे घेतले. दुकानदाराने कारण विचारले. मुलाने दोन वाक्यांत सांगितले. त्यानंतर त्या गृहस्थाने स्वतःच मागच्या खोलीतून आणखी दोन तसलेच जोड आणून दिले.

"आणि बंदूक?" वडिलांनी विचारले.

"आज नको. मैदानावर भाड्याने मिळते. तीन-चार वेळा खेळा, मग या."

वडील व्यापारी होते. हातात आलेली मोठी विक्री अशी सोडून देणारा माणूस त्यांनी नीट पाहून घेतला.

तरीही मुलाच्या आग्रहाखातर त्याने तीन प्रकार समजावून सांगितले. पहिला प्रकार प्रत्येक वेळी हाताने स्प्रिंग ओढण्याचा; तो स्वस्त आणि बिनबिघाड, पण एका वेळी एकच छर्रा सुटतो. दुसरा वायूवर चालणारा. त्याचा झटका खऱ्यासारखा, मात्र थंडीत वायूचा दाब घटतो आणि हिवाळ्यात ही बंदूक रुसते. तिसरा विजेचा, आत बॅटरी, मोटार, दातेरी चक्रे आणि दट्ट्या असतो. सर्व ऋतूंत सारखी चालते, म्हणून नवख्याला हीच बरी. तिच्यात छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारी एक लहान चकती असते. ती बरोबर लावली की हलका छर्राही बराच अंतर सरळ जातो. 0.2 ग्रॅमचा छर्रा वेगवान, 0.25 ग्रॅमचा थोडा मंद, पण वाऱ्यात कमी भरकटतो. उघड्या मैदानावर मातीत विरणारेच छर्रे वापरावेत, साध्या प्लास्टिकचे नाहीत. बहुतेक मैदानांचा तसा नियमच आहे. आणि बंदूक केव्हाही न्यायची ती बंद पिशवीतून. रस्त्यावर, गाडीत, स्थानकावर तिचे टोकही दिसता कामा नये. लोक घाबरतात, पोलीस येतात आणि त्यांचे बरोबरच असते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दोघे चिबा प्रांतात गेले. टोकियोजवळच्या या प्रांतात अशी मैदाने पुष्कळ आहेत. एकट्यादुकट्याने येणाऱ्यांसाठी तेथे नियमित खेळाचे दिवस असतात. आलेल्या सर्वांचे दोन गट करून दंडाला लाल किंवा पिवळी पट्टी बांधतात. घरचा डबा बरोबर होता. मैदानावर मिळणारा रस्साभात त्यांच्या उपयोगाचा नव्हता, शिवाय डिसेंबरात तेथे साडेचारलाच सूर्य मावळतो. घरी पोहोचून जेवायचे म्हटले तर रात्रीभोजन झाले असते.

सकाळी सर्व बंदुकांचा वेग यंत्रावर मोजला गेला. ज्याची मर्यादेपलीकडे गेली त्याची बाजूला ठेवली. मग नियम सांगण्यात आले. विश्रांतीच्या जागेत येताना छर्ऱ्यांची पेटी काढायची, कळ बंद करायची, नळी रिकामी असल्याची खात्री करायची. मैदानात डाव संपला तरी गॉगल काढायचा नाही. अंगाला, कपड्याला, पाठीवरच्या पिशवीला, कोठेही छर्रा लागला की मोठ्याने 'हित्तो' म्हणायचे, हात वर करायचा आणि चालत बाहेर यायचे. आपण मारलेला छर्रा दुसऱ्याला लागला असे वाटले तरी त्याच्यावर ओरडायचे नाही. कोणी लागूनही खेळत राहिला तर त्याला हे लोक 'झोंबी' म्हणतात, मेलेला असून चालणारा.

वडील जाळीमागे गॉगल लावून बसले. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या कल्पनेपेक्षा वेगळे होते. कारखान्यातला कामगार, बँकेतली बाई, निवृत्त शिक्षक, सगळे एकामागून एक हात वर करून आपणहून बाहेर येत होते. पंच त्यांना बाहेर काढत नव्हते. ओकाचिमाचीत जांगडावर खड्यांची पुडी देताना समोरच्याच्या शब्दावरच ती दिली जाते. त्या विश्वासाची त्यांना आठवण झाली. आपला मुलगाही तसाच हात वर करून येताना त्यांना दिसला आणि समाधान वाटले.

परतीच्या गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. चिबा मागे पडल्यावर तो म्हणाला, "बाबा, तिसऱ्या डावात माझ्या बुटाला छर्रा लागला होता. कोणी पाहिलं नाही. मी हात वर केला नाही."

वडील काही बोलले नाहीत.

"समोर तो शिक्षक होता. मला लागल्यावर मी दोन पावलं पुढं गेलो आणि त्याला बाद केलं. त्यानं लगेच हात वर केला, हसला आणि निघून गेला. मला आधी आनंद झाला, खरंच झाला. मग जेवणाच्या सुट्टीत मला डबा जाईना. मी जाऊन त्याला सांगितलं की आधी मी बाद झालो होतो. वाकून क्षमा मागितली."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, पहिल्या दिवशी बुटाचं लक्षात येत नाही. मी म्हटलं, आलं होतं. मग तोही थोडा गप्प झाला आणि म्हणाला, दुपारी माझ्या गटात ये."

वडिलांना तीन महिन्यांपूर्वीचा क्षमावाणीचा दिवस आठवला. त्या दिवशी त्यांनी मोबाईलवरून दोनशेहून अधिक जणांना एकच मजकूर पाठवला होता. ज्या एका भागीदाराशी खरोखर बिनसले होते, त्याचे नावही त्या यादीत होते. त्याच्याकडे मात्र ते गेले नव्हते. त्याची पेढी तीन गल्ल्या सोडून आहे.

रात्री फलटणला फोन झाला. मुलाने आजीला सारे सांगितले, आनंद झाल्याचेही लपवले नाही. आजीने विचारले, "त्याला गोळी लागली तेव्हा तो तुला कोण दिसला?"

मुलाने वेळ घेतला. "तेव्हा कोणीच नाही, आजी. पिवळी पट्टी दिसली. जेवताना तो माणूस दिसला."

"यशोधर राजाचंही तेच झालं होतं," ती म्हणाली. "कोंबडा पिठाचा होता की मांसाचा, हा प्रश्नच नव्हता. मारताना त्याला समोर काहीच दिसलं नाही." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. तू मोठा झालास. खेळायला जाशील त्या रात्री मला फोन करायचा आणि हेच सांगायचं, कोण दिसला ते. ज्या दिवशी सांगायची लाज वाटेल, त्या दिवशी खेळ सोड."

वडिलांनी घरी हिशेब मांडला, कारण त्यांना हिशेबाशिवाय गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. विजेची बरी बंदूक, बॅटरी, चार्जर आणि जास्तीच्या पेट्या मिळून सुमारे पन्नास हजार येन. भाड्याची बंदूक एका दिवसाला तीन-साडेतीन हजार. महिन्यातून एकदा, चातुर्मासाचे चार महिने वगळून, म्हणजे वर्षाला आठ खेपा. विकत घेतलेली बंदूक भाड्याशी बरोबरीला यायला पावणेदोन ते दोन वर्षे लागतील. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत खरेदीत अर्थ नाही, असे वहीत लिहिले गेले. मुलगा ते वाचून हसला. त्याचे मत आधीच तसे झाले होते. गॉगल, मुखवटा, हातमोजे आणि बूट घरात राहिले. बंदूक मैदानावरच राहिली.

त्यानंतर तो तीनदा जाऊन आला आहे. तिन्ही रात्री फोन झाले. एका रात्री तो म्हणाला की, समोरची बाई कंबर धरून वाकलेली दिसली म्हणून त्याने छर्रा झाडलाच नाही आणि पुढच्याच क्षणी तिने त्याला बाद केले. आजीला त्यावर फार हसू आले.

वडील त्या भागीदाराच्या पेढीवर जानेवारीत गेले. चहा झाला, जुने कागद निघाले, काही मिटले, काही राहिले. मोत्यांच्या माळांचा निर्णय अजून झालेला नाही. नवीन माल त्यांनी या वर्षी भरलेला नाही. शिल्लक माळा तिजोरीत आहेत, आणि पेढी उघडताना रोज त्यांच्यावर नजर जाते.